हेल्गोलँड बेटाची सागरी झीज

हेल्गोलँड हे उत्तर समुद्रातील जर्मनीचे एक लहान बेट. ते मुख्य भूमीच्या किनाऱ्यापासून सु. ५० किमी. अंतरावर आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सु. १ चौ. किमी. असून सर्वोच्च भाग सु. ६१ मी. उंच आहे. पूर्वेस ‘ड्यून’ नावाचे सखल, वालुकामय बेट आहे. ही दोन बेटे १७२० च्या अखेरीपर्यंत परस्परांना जोडलेली होती. खडकाळ किनाऱ्याची झीज केवळ लाटांच्या बळावर नव्हे, तर खडकाच्या जातीवर व मानवी व्यवहारावरही कशी अवलंबून असते, हे या बेटाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

मुख्य बेट ट्रायासिक काळातील तांबड्या वालुकाश्माचे असून त्यात मृण्मय थरही आढळतात. खोलवरचे मिठाचे थर वर सरकल्यामुळे हे खडक समुद्रतळातून उचलले गेले. लाटांच्या आघाताने खडकातील भेगांत हवा व पाणी दाबले जाऊन त्या रुंदावतात. लाटांबरोबर येणारे दगडगोटे कड्याचा पायथा खरवडतात. पायथ्याशी खाच पडली, की वरचा भाग आधाराअभावी कोसळतो व कडा मागे हटतो. पावसाचे पाणी व हिवाळ्यातील गोठण हे काम वरून चालू ठेवतात. मागे हटलेल्या कड्यापुढे सपाट खडकाळ मंच उरतो. तो ओहोटीच्या वेळी उघडा पडतो. भेगांच्या रेषेत प्रथम गुहा, मग कमान आणि कमान ढासळल्यावर सुटा स्तंभ निर्माण होतो. वायव्य टोकाजवळील ‘लांगे आना’ हा ४७ मी. उंचीचा स्तंभ असाच घडला. त्यास कड्याशी जोडणारी नैसर्गिक कमान १८६० मध्ये कोसळली.

पूर्वेकडील भागात चुनखडक व जिप्समचा पांढरा कडा होता. तो तांबड्या खडकाहून मऊ असला, तरी दोन्ही भागांना जोडणाऱ्या गोट्यांच्या सखल बांधास त्याचा आडोसा मिळे. सोळाव्या-सतराव्या शतकांत बेटवासीयांनी चुना व जिप्समच्या विक्रीसाठी तो खणून काढला. दुर्बल झालेला हा कडा १७११ च्या वादळात नाहीसा झाला. पुढे ३१ डिसेंबर १७२० च्या रात्री आलेल्या वादळी भरतीने उघडा पडलेला बांध फोडला आणि ड्यून कायमचे वेगळे झाले. तात्कालिक उत्पन्नासाठी विकलेला दगड हाच बेटाचा तट होता, हे उशिरा कळले.

बेटाच्या ऱ्हासाविषयी अतिशयोक्तीही झाली. योहानेस मायर याच्या १६५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशात इ. स. ८०० च्या सुमाराचे हेल्गोलँड अनेक पटींनी मोठे दाखविले होते. एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिक पाहणीनंतर हे चित्र अग्राह्य ठरले. कारण तांबड्या कड्याच्या माघारीचा वेग एवढ्या मोठ्या हानीशी जुळत नाही.

हे बेट १८०७ मध्ये डेन्मार्ककडून ब्रिटनकडे गेले व १८९० च्या झांझिबारविषयक कराराने जर्मनीस मिळाले. जर्मनीने तेथे नाविक तळ उभारला व पश्चिमेकडील कड्याच्या रक्षणार्थ १९०३ ते १९२७ या काळात तटभिंत बांधली. तिच्यामुळे पायथ्यावरील लाटांचा मारा पुष्कळ कमी झाला. पाऊस व गोठण यांमुळे होणारी पडझड मात्र थांबली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १८ एप्रिल १९४७ रोजी ब्रिटिशांनी तेथील लष्करी बांधकामे सु. ६,७०० टन स्फोटकांनी उडविली. त्यात दक्षिण टोक ढासळून तेथे नवा सखल भूभाग तयार झाला. समुद्राला ज्यासाठी शतके लागली असती, असा बदल एका दिवसात घडला. १ मार्च १९५२ रोजी बेट पुन्हा जर्मन प्रशासनाखाली आले व त्यानंतर रहिवासी परतले.

तटभिंत, धक्के व बांध यांमुळे बेटाची आजची रूपरेषा बरीचशी राखली गेली आहे. ‘लांगे आना’ मात्र कमान गेल्यापासून एकटाच उभा असून त्याची झीज चालू आहे.