न मोजलेल्यांची मोजणी

१९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये नेमकी किती माणसे दगावली? सरकारी दुष्काळ चौकशी आयोगाने १९४५ साली सुमारे १५ लाख हा आकडा दिला. कलकत्ता विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञांचा अंदाज याच्या दुपटीहून अधिक होता. पुढे अमर्त्य सेन यांची आकडेमोडही ३० लाखांच्या जवळ पोहोचली. म्हणजे वाद शे-दोनशेंचा नव्हता. तब्बल पंधरा लाख माणसे मेली की नाही, हाच वाद होता.

या गोंधळाचे मूळ नोंदवहीत होते. खेड्यातील जन्म-मृत्यूची वर्दी देण्याचे काम चौकीदाराकडे असे. तुटपुंज्या पगारावर पहारा, निरोप आणि सरकारची इतर कामे सांभाळून तो ही वर्दी देई. चांगल्या वर्षीही तिच्यातून बरेच निसटत असे. दुष्काळात तर कित्येक चौकीदारच मेले किंवा गाव सोडून गेले. अन्नासाठी कलकत्त्याच्या वाटेला लागलेला माणूस रस्त्यातच कोसळला, तर त्याची नोंद कोणत्या गावाने करायची?

नोंदवही अपुरी आहे, हे सर्वांनाच ठाऊक होते. ती किती अपुरी आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. जे लिहिलेच गेले नाही, ते मोजणार कसे?

कलकत्त्याच्या ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ’ या संस्थेत संख्याशास्त्रज्ञ असलेल्या सी. चंद्रशेखरन यांच्यापुढे हाच प्रश्न होता. शहराजवळ सिंगूर येथे संस्थेचे आरोग्य केंद्र होते. १९४७ साली तेथील गावांत घरोघर फिरून मागील दोन वर्षांतले जन्म आणि मृत्यू विचारण्यात आले आणि ती यादी सरकारी नोंदवहीशी ताडून पाहण्यात आली.

या कामातून निघालेला शोधनिबंध १९४९ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहलेखक होते डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग. जपानी कारखान्यांना गुणवत्तेचे धडे देणारे आणि ज्यांच्या नावाने तेथे आजही पारितोषिक दिले जाते, तेच हे डेमिंग. त्यांची ती कीर्ती सर्वदूर पोहोचली. सिंगूरच्या कामाची आठवण मात्र लोकसंख्याशास्त्राच्या वर्गापुरतीच राहिली.

त्यातली युक्ती शाळकरी गणिताची आहे. समजा, नोंदवहीत ८० जन्म आहेत. घरोघरच्या पाहणीत ९० सापडले. दोन्हींत सामाईक निघाले ७२. याचा अर्थ, पाहणीत आढळलेल्या ९० पैकी ७२, म्हणजे ८० टक्के जन्म नोंदवहीने पकडले होते. तोच हिशेब साऱ्या जन्मांना लावला, तर नोंदवहीतले ८० हे एकूण जन्मांच्या ८० टक्के ठरतात. एकूण जन्म झाले १००. दोन्ही याद्या एकत्र केल्या तरी नावे भरतात ९८. उरलेले २ जन्म कोणत्याही कागदावर नाहीत, तरीही हिशेबात आले. (तळ्यातले मासे खुणा करून सोडायचे, पुन्हा जाळे टाकायचे आणि खुणेचे किती आले ते पाहायचे, ही जीवशास्त्रज्ञांची जुनी रीत याच जातीची.)

मात्र अट कडक आहे. दोन्ही याद्या परस्परांपासून स्वतंत्र हव्यात. पाहणी करणाऱ्याने आधी नोंदवही चाळून मग दार ठोठावले, तर सामाईक नावे वाढतात आणि नोंदवही आहे त्याहून चांगली दिसू लागते. त्याहून अवघड अडचण माणसांच्या मनातली. जन्मून दोन दिवसांत गेलेले मूल चौकीदाराला कळत नाही आणि पाहुण्या प्रश्नकर्त्याला आईही सांगत नाही. असे मूल दोन्ही जाळ्यांतून एकाच वेळी निसटते आणि अंदाज कमी पडतो. म्हणूनच एकसारख्या परिस्थितीतल्या लोकांचे लहान लहान गट पाडून प्रत्येकाचा हिशेब वेगळा करावा, असे त्या निबंधात सुचवले होते. सूत्रापेक्षा ही सूचनाच अधिक मोलाची म्हटली पाहिजे.

भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने १९५६ मध्ये मुंबईत चेंबूरला लोकसंख्याविषयक प्रशिक्षण आणि संशोधनाचे केंद्र उघडले. देवनारची आजची आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था ती हीच. चंद्रशेखरन काही काळ तिचे संचालक होते. आशियातील अनेक देशांचे विद्यार्थी येथे येत. बहुतेकांच्या देशांत जन्म-मृत्यूच्या नोंदींची अवस्था बंगालसारखीच होती, त्यामुळे अपुऱ्या आकड्यांतून खरे कसे काढायचे, हा त्यांच्यासाठी घरचाच प्रश्न होता.

सूत्रही देशोदेशी गेले. १९६२ ते १९६५ या काळात पाकिस्तानने, पूर्व आणि पश्चिम दोन्ही भागांत, त्यावर मोठी पाहणी उभारली. पुढे पेरूच्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये अंतर्गत हिंसाचारातील बळींचा अंदाज बांधताना अनेक याद्या ताडण्याची याच कुळातली पद्धत वापरली. उत्तर आले सुमारे ६९ हजार, नावानिशी सापडलेल्यांच्या दुपटीहून अधिक. राजधानी लिमापासून दूर डोंगरात राहणारे, स्पॅनिशऐवजी केचुआ बोलणारे लोक त्या बळींत मोठ्या संख्येने होते.

भारतात याच विचारातून ‘नमुना नोंदणी पद्धती’ घडली. १९६४-६५ मध्ये प्रयोग झाला आणि १९६९-७० च्या सुमारास ती देशभर लागू झाली. निवडलेल्या गावात स्थानिक माणूस, अनेकदा शिक्षक, वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक येऊन सारे स्वतंत्रपणे पुन्हा विचारतो. येथे सूत्र चालवून थांबत नाहीत. न जुळलेली प्रत्येक नोंद घरी जाऊन तपासली जाते.

ताडण्याचे हे काम दिसते तितके सोपे नाही. बाळाचे बारसे झालेले नसते, म्हणून एका यादीत नाव असते तर दुसरीत नुसते ‘मुलगी’. एकाच वाडीत त्याच नावाचे तिघे निघतात. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. मग ते मूल सासरच्या गावाचे की माहेरच्या? नियम ठरवला नाही, तर ते दोनदा मोजले जाते किंवा एकदाही नाही.

जन्मलेल्या दर हजार मुलांमागे वर्षाच्या आत दगावणारी मुले १९७१ मध्ये १२९ आणि २०२० मध्ये २८, हे आकडे याच दुहेरी विचारपुशीतून आलेले आहेत.