चौऱ्यांशीचा लेख आणि सरकारी निधी

माऊली, पंढरीच्या देवळातला चौऱ्यांशीचा शिलालेख आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशीचा फेरा चुकतो, असं वाडवडील सांगत. वाचला मात्र थोड्यांनीच. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७, या काळात देवळाला कुणी काय दिलं त्याची ती नोंद. त्यात साधे भाविक आहेत, हेमाद्री पंडित आहे आणि खुद्द देवगिरीचा राजा रामदेवराव यादवही आहे. राजा आणि भाविक एकाच दगडावर!

तेव्हा राज्याचा पैसा या देवळाला नवा नाही. अलीकडे राज्य सरकारने मंदिराच्या जतनासाठी ७३ कोटी ८५ लाखांचा आराखडा मंजूर केला. पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली काम निघालं. त्यासाठी १५ मार्च २०२४ पासून पदस्पर्श दर्शन बंद राहिलं, ते २ जूनला सुरू झालं. अडीच महिने पायावर डोकं नाही, जिवाला चुटपुट लागली. पण काम बरंचसं होतं ते काढायचंच: फरशी, ग्रॅनाईट, रंगाचे थर, चांदीचा पत्रा. हे सगळं लावलं कुणी होतं? भक्तीनेच की! ते निघालं आणि मूळ दगड दिसला. मेअखेरीस तर तळघर सापडलं, आत जुन्या मूर्ती.

आमच्या गावच्या देवळाच्या दगडी खांबांना ऑइलपेंट द्यायला मीही वर्गणी दिली होती. यंदा पोरं पुन्हा रंगाची पावती फाडायला आली, तेव्हा म्हटलं, "आधी एका खांबाचा जुना रंग काढून बघू या रे."