न झालेलं वादळ आणि न दिसणारा वारा

६ जून १८८२. मुंबईवर चक्रीवादळ आदळलं आणि एक लाख माणसं गेली. जगातल्या भीषण वादळांच्या याद्यांमध्ये ही ओळ हमखास सापडते. आता जरा हिशोब करू. १८८१च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या होती ७ लाख ७३ हजार. म्हणजे आठातलं एक माणूस एका दिवसात गेलं, आणि १८९१ला तरी आकडा ८ लाख २१ हजारांवर? अडॅम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (यात पुण्याच्या आयआयटीएमचे शास्त्रज्ञही होते) मुंबईच्या वादळधोक्यावर २०१९ला निबंध लिहिला. या वादळाचा पुरावाच मिळत नाही, असं त्यांनी त्यात दाखवलं.

मला ही नुसती गंमत वाटत नाही. समुद्राकाठी भिंत किती उंच बांधायची, हे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळावरून ठरतं. त्या मालिकेत एक खोटं वादळ घुसलं की सगळा हिशोब बिघडतो. एक खरं वादळ निसटलं, तर जास्तच बिघडतो.

निसटण्याची सोय आज आपल्या हातातच आहे. २१००पर्यंतच्या लाटांचा आणि सर्जचा, म्हणजे वादळाबरोबर चढणाऱ्या पाण्याचा अंदाज करायला वारा घेतला जातो हवामान-मॉडेलमधून. जागतिक मॉडेलचा एक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा असतो. चक्रीवादळाचा सर्वांत जोराचा वारा असतो मध्यापासून काही दशक किलोमीटरांच्या कड्यात. चौकोनाची सरासरी काढली की तो कडा पुसलाच जातो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किलोमीटर होता. असा वारा त्या चौकोनात शोधायला गेलात तर बहुधा एक मरतुकडी झुळूक हाती लागेल.

चूक लहान वाटते, पण पाण्यावर वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वारा २० टक्के कमी दाखवला, तर रेटा ३६ टक्के कमी होतो. शिवाय वेळ. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. दीड मीटरचा सर्ज ओहोटीला आला तर कुणाला कळणारही नाही, भरतीला आला तर घरात येईल. आणि अनेक मॉडेलांचा वारा मिळतो दिवसाच्या सरासरीत! पावसाच्या अभ्यासाला ते एक वेळ चालेल. इथे तो वारा वापरणं मला निव्वळ आळस वाटतो.

मग मॉडेल तपासायचं कशाशी? उपग्रह समुद्रावरचा वारा नियमित मोजू लागले ते १९९०च्या दशकापासून. त्याआधी जहाजांच्या नोंदवह्या आणि काठावरच्या वेधशाळा. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची. १८४०च्या सुमारास ऑर्लेबार यांच्या हाताखाली तिथे एक कोवळा मराठी मुलगा निरीक्षणं घेत होता, तो म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे, पुढे टिळकांचे गुरू. वायुभारमापकाचा पारा किती उतरला, हे रात्री-बेरात्री उठून लिहिणाऱ्या अशा माणसांमुळेच दीडशे वर्षांनी आपण एखाद्या वादळाबद्दल वाद घालू शकतो.

अर्थात, फक्त आपल्या काठावरचा वारा जुळला म्हणून मॉडेल पास होत नाही. गोव्याच्या एनआयओतल्या संशोधकांनी दाखवलं की इराणच्या आखाताकडच्या शमाल वाऱ्याने उठलेल्या लाटा रत्नागिरी आणि गोव्यापर्यंत येतात. दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा तर हजारो किलोमीटर चालून केरळच्या घरांत शिरतात. तिकडचे मच्छीमार त्याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. तेव्हा वाऱ्याची दिशा, तो किती तास टिकला, किती लांबून वाहिला, हेही तपासावं लागतं. सरासरी वेग जुळवून दुरुस्ती झाली म्हणणं म्हणजे वर्गाची सरासरी पाहून नापास मुलाला वर ढकलणं.

सोबेल यांच्या गटाने वेगळा रस्ता धरला. वादळाचा वारा थेट मॉडेलकडून मागायचाच नाही. समुद्राचं तापमान, हवेतली आर्द्रता, वरच्या थरांतले वारे एवढंच घ्यायचं आणि त्या परिस्थितीत जन्मू शकतील अशी हजारो कृत्रिम वादळं संगणकात सोडायची. त्यातली मोजकी मुंबईवर येतात. ती किती वेळा आणि किती जोरात येतात, यावरून धोका काढायचा. पण कृत्रिम वादळांनाही पडताळणी लागतेच, आणि नोव्हेंबर १९४८मध्ये मुंबईला झोडपणारं खरं वादळ उपग्रहांच्या आधीचं. त्याच्यासाठी पुन्हा जुन्या वह्याच उघडाव्या लागतात.