भाडेकरूचे हक्क आणि घरमालकाची सुरक्षाविषयक जबाबदारी (बेळगाव–निपाणी सीमाभाग)

मोबदला देऊन दुसऱ्याच्या मालकीच्या घरात राहणाऱ्या व्यक्तीला त्या घराच्या निर्वेध उपभोगाविषयी मिळणारे हक्क, आणि ते घर राहणाऱ्याच्या जिवाला धोका होणार नाही अशा स्थितीत ठेवण्याची मालकावर येणारी कर्तव्ये, यांचा हा एकत्रित विषय आहे. बेळगाव आणि निपाणी ही शहरे कर्नाटकात असल्यामुळे तेथील भाडेव्यवहारांना कर्नाटकाचा कायदा लागू होतो. मात्र तेथील असंख्य भाडेकरूंची भाषा मराठी आहे, त्यांचे नातेवाईक कागल, गडहिंग्लज, चंदगड या महाराष्ट्रातील तालुक्यांत राहतात, आणि भाड्याच्या कायद्याविषयीची त्यांची माहिती बहुधा महाराष्ट्रातून आलेली असते. त्यामुळे आपल्याला नेमका कोणता कायदा लागू आहे, हा या भागातील भाडेकरूपुढचा पहिला प्रश्न ठरतो.

पार्श्वभूमी : १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. तेथील नागरी भाडेव्यवहार १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याच्या परंपरेतले होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत भाडी गोठवणे आणि मनमानी पद्धतीने घर खाली करवून घेण्यास आळा घालणे, हा त्या कायद्याचा हेतू होता. राज्यपुनर्रचनेनंतर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि १९६१ च्या म्हैसूर भाडे नियंत्रण कायद्याने मुंबई कायद्याची जागा घेतली. १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाल्यावर त्या कायद्याचेही नाव बदलले. पुढे दोन्ही राज्यांनी नवे कायदे केले आणि दोहोंच्या नावात १९९९ हेच वर्ष आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून, तर कर्नाटक भाडे अधिनियम ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला. नावातील वर्ष एक असले तरी दोन्ही कायद्यांची व्याप्ती निराळी आहे. महाराष्ट्रात करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली असून, असा करार नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. कागलच्या भाडेकरूला मिळणारे हे संरक्षण निपाणीचा भाडेकरू केवळ मराठी भाषक आहे म्हणून मागू शकत नाही.

कायद्याची चौकट : कर्नाटक भाडे अधिनियम भाडेकरूला मोठे संरक्षण देतो. भाड्याची पावती मिळणे हा त्याचा हक्क आहे. कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून आणि न्यायालयाच्या आदेशावाचून त्याला घराबाहेर काढता येत नाही. आणि भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या पती किंवा पत्नी, मुले, आईवडील अशा निकटच्या आप्तांकडे भाडेहक्क पाच वर्षांच्या मुदतीपुरता जातो. परंतु हा कायदा सर्व घरांना लागू नाही. कायद्याने मानलेले मासिक भाडे ठरावीक मर्यादेपेक्षा (शहराच्या वर्गानुसार ३,५०० किंवा २,००० रुपये) अधिक असलेल्या जागा, बांधकाम पूर्ण झाल्यापासून पंधरा वर्षे न उलटलेल्या इमारती, सरकारी जागा आणि १४ चौरस मीटरहून मोठे दुकानगाळे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. टिळकवाडी, हिंदवाडी किंवा अनगोळ येथील नव्या इमारतीत सदनिका घेणारे कुटुंब, अथवा विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकण्यासाठी उद्यमबागेच्या परिसरात खोली घेणारा विद्यार्थी, अशा कारणांनी या संरक्षणाच्या बाहेर पडण्याचा संभव मोठा असतो. शहापूर, वडगाव, खासबाग येथील जुन्या गल्ल्यांत किंवा निपाणीच्या जुन्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या अल्प भाड्याने राहणारी विणकर, तंबाखू वखारीतील कामगार आणि विडी कामगार कुटुंबे मात्र त्याच्या छत्राखाली येऊ शकतात.

कायद्याच्या कक्षेबाहेरील घरांना १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम लागू होतो. त्याच्या कलम १०५ ते ११७ मध्ये भाडेपट्टा, म्हणजे मोबदला घेऊन स्थावर मालमत्तेच्या उपभोगाचा हक्क देणे, या व्यवहाराचे नियम आहेत. कलम १०८ नुसार मालकाला माहीत असलेला, पण भाडेकरूला साधारण काळजी घेऊनही दिसू न शकणारा, उपभोगाच्या दृष्टीने महत्त्वाचा दोष मालकाने उघड केला पाहिजे. भाडे देणाऱ्या आणि करार पाळणाऱ्या भाडेकरूला मुदतभर निर्वेध ताबा मिळाला पाहिजे. आणि मालकाने जी दुरुस्ती करायला तो बांधील आहे ती, सूचना मिळूनही, वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून घेऊन खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो.

या शेवटच्या तरतुदीतील ‘बांधील आहे’ हे शब्द फार मोलाचे आहेत. कर्नाटक भाडे अधिनियम घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य मालकावर थेट टाकतो; १८८२ चा कायदा मात्र घर दुरुस्त ठेवण्याचे सर्वसाधारण कर्तव्य मालकावर आपोआप लादत नाही, तर करार आणि स्थानिक रूढी यांच्याकडे बोट दाखवतो. म्हणून ज्या घराला भाडे अधिनियम लागू नाही, तेथे दुरुस्तीचा हक्क करारात लिहिलेल्या ओळीएवढाच मजबूत असतो, आणि ती ओळ नसेल तर गळके छप्पर दाखवून भाड्यातून पैसे वळते करणारा भाडेकरू स्वतःच थकबाकीदार ठरण्याचा धोका असतो.

करार आणि ठेव : नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीचा खर्च आणि खटाटोप टाळण्यासाठी मुद्रांक कागदावर अकरा महिन्यांचा करार करण्याची प्रथा त्यातूनच पडली. भाडे अधिनियम लागू असलेल्या जागांसाठी करार लेखी असणे त्या अधिनियमाच्या कलम ४ ने आवश्यक केले आहे. कर्नाटकात मासिक भाड्याऐवजी एकरकमी मोठी रक्कम देऊन ठरावीक काळ घर वापरण्याची आणि घर सोडताना ती रक्कम परत घेण्याचीही पद्धत आहे. व्यवहारात तिला नुसते ‘लीज’ किंवा कन्नडमध्ये ‘भोग्य’ म्हणतात. अशा व्यवहारात भाडेकरूची सारी पुंजी मालकाकडे अडकत असल्याने नोंदणीकृत दस्त आणि घरावरील कर्जाची आधी केलेली चौकशी यांवाचून त्यात उतरणे धोक्याचे असते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदा निवासी जागेसाठी डिपॉझिटची कमाल मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याएवढी ठेवतो. रचनेची दुरुस्ती, रंगसफेदी, नळजोडणीच्या नळ्या बदलणे आणि आतील-बाहेरील वीजवाहिन्या ही कामे तो मालकाकडे देतो. तोट्यांचे वॉशर, मोरीची साफसफाई, बटणे, सॉकेट, कुलपे, काचा ही कामे भाडेकरूकडे देतो. आणि घरात येण्यापूर्वी चोवीस तास आधी कळवण्याचे बंधन मालकावर घालतो. हा नमुना कायदा असल्याने राज्याने स्वीकारल्याखेरीज तो बंधनकारक होत नाही. तथापि त्यातील कामांची वाटणी करारात जशीच्या तशी उतरवून घेण्यास कोणतीही आडकाठी नाही, आणि बहुतेक भांडणे या वाटणीवरूनच होत असल्यामुळे तसे करणे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे.

सुरक्षेची अंगे : बेळगावच्या पश्चिमेला सह्याद्री जवळ असल्याने पावसाळा दीर्घ आणि जोराचा असतो, आणि जुन्या घरांना खरा धोका पाण्यापासून असतो. मातीत बांधलेली भिंत पायथ्याशी ओल धरते, तिला पोट येते, गिलाव्याचे पोपडे सुटतात, वाशांचे भिंतीत गेलेले टोक वाळवीने आतून पोकळ होते, आणि बाहेरून शाबूत दिसणारे कौलारू छप्पर एका संततधार रात्री खाली येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी येथे पावसाने खचलेले घर कोसळून सात जणांचा बळी गेला. ती घटना भाड्याच्या घराशी संबंधित नव्हती, पण भिजलेली भिंत किती थोडा अवसर देते हे तिने दाखवले. महानगरपालिका आणि नगरपालिका यांच्या कायद्यांत धोकादायक इमारतीविषयी मालकाला नोटीस देऊन ती दुरुस्त, सुरक्षित किंवा रिकामी करायला लावण्याचे अधिकार आहेत. अशा कारवाईसाठी भाडेकरूही अर्ज करू शकतो. मात्र इमारत मोडकळीस आल्याचे कारण घर खाली करवून घेण्यासाठीही पुढे केले जात असल्याने, दुरुस्तीनंतर पुन्हा ताबा मिळण्याचा मुद्दा आधीच न्यायालयाच्या आदेशात स्पष्ट करून घ्यावा लागतो.

विजेच्या बाबतीत अर्थिंग आणि गळती-रोधक स्विच या दोन गोष्टींवर जीव अवलंबून असतो. अर्थिंग म्हणजे उपकरणात उतरलेला प्रवाह माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावा म्हणून केलेली जोडणी, आणि गळती-रोधक स्विच म्हणजे प्रवाह भलत्या वाटेने जाताच क्षणार्धात पुरवठा तोडणारे साधन. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली असणे, लाकडी पट्टीतील जुन्या तारांचे आवरण तडकलेले असणे, ओल्या भिंतीवर बोर्ड बसवलेला असणे, ही घर पाहायला गेल्यावर डोळ्यांनी दिसणारी लक्षणे आहेत. गॅस गिझर बंद न्हाणीघरात बसवणे तितकेच घातक असते, कारण अपुऱ्या हवेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू तयार होतो आणि आंघोळ करणाऱ्याला शुद्ध हरपेपर्यंत काही कळत नाही. गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवणे आणि न्हाणीघराला कायम उघडी झडप ठेवणे हाच त्यावरचा उपाय होय. यांखेरीज झाकण असलेली पाण्याची टाकी, कठडा असलेला जिना आणि गच्ची, आणि विद्यार्थ्यांच्या सामायिक निवासांत बाहेर पडण्याचा मोकळा मार्ग, या किमान अपेक्षा मानल्या पाहिजेत.

मालकाच्या हयगयीने कोणाचा मृत्यू ओढवल्यास प्रकरण केवळ दिवाणी राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

ताबा आणि आवश्यक सेवा : कुलूप बदलणे, सामान बाहेर टाकणे, पाणी किंवा वीज तोडणे या मार्गांनी घर खाली करवून घेणे बेकायदा आहे. कर्नाटक भाडे अधिनियम आवश्यक सेवा तोडण्यास मनाई करतो. आणि तो लागू नसला तरी विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार, कायदेशीर प्रक्रियेवाचून बेदखल झालेल्या व्यक्तीला सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवता येतो. महिन्यावारी भाडेपट्टा संपवण्यासाठी १८८२ च्या कायद्याच्या कलम १०६ नुसार पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि नोटिशीनंतरही घर न सोडणाऱ्याला न्यायालयामार्फतच हलवता येते. कर्नाटकात २०२३ पासून सुरू असलेल्या गृहज्योती योजनेतील मोफत विजेचा लाभ भाडेकरूलाही मिळतो. त्यासाठी त्या पत्त्यावर राहत असल्याचा पुरावा लागत असल्याने लेखी कराराला रोजच्या व्यवहारातही किंमत आली आहे.

भाडेकरूची कर्तव्ये : भाडे वेळेवर देणे, साधारण झीज सोडून घर मूळ स्थितीत ठेवणे, वाजवी वेळी मालकाला पाहणी करू देणे, संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम न करणे, आणि दिसलेला धोका मालकाला ताबडतोब लेखी कळवणे ही त्याची कर्तव्ये होत. न कळवलेल्या गळतीची जबाबदारी मालकावर ढकलणे न्यायाला धरून होत नाही.

भाषेचा प्रश्न आणि दाद : सीमाभागात मुद्रांक कागदावरील करार बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो, आणि सही करणाऱ्या मराठी भाडेकरूला त्यातील दुरुस्ती, डिपॉझिट व नोटीस यांविषयीच्या अटी कोणीतरी तोंडी सांगितलेल्या असतात. वाचता न येणाऱ्या कागदावरची सही हा या भागातील भाडेकरूचा सर्वांत दुबळा दुवा आहे. ही अडचण दूर करता येण्याजोगी आहे. नोंदणी अधिनियमाचे कलम १९ नोंदणी अधिकाऱ्याला न समजणाऱ्या आणि जिल्ह्यात सर्रास न वापरल्या जाणाऱ्या भाषेतील दस्तासोबत भाषांतर जोडण्याची वाट दाखवते. म्हणजे दस्ताला भाषांतराची जोड देणे कायद्याला परके नाही, आणि दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली मराठी प्रत कराराला जोडता येते. संविधानाचा अनुच्छेद ३५० संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि अल्प उत्पन्न गटातील नागरिक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट निपाणीतील घरबसल्या विड्या वळणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोचणे अगत्याचे आहे.

घर ताब्यात घेतेवेळी भिंती, छप्पर, वीजबोर्ड, नळ यांची छायाचित्रांसह यादी करून तिच्यावर दोघांनी सह्या करणे, आणि कौलारू घर असल्यास मृगापूर्वीची शाकारणी, म्हणजे कौले उतरवून फुटकी बदलण्याचे व वासे तपासण्याचे काम, कोणी व कोणाच्या खर्चाने करावयाचे हे करारात नावानिशी लिहिणे, एवढी दक्षता घेतली तरी पावसाळ्यातील बहुतेक अपघात आणि डिपॉझिटवरून होणारी बहुतेक भांडणे टाळता येतात. १८८२ च्या कायद्याचे कलम १०८ स्थानिक रूढीला मान देते. शाकारणीची रूढी या भागात जुनीच आहे, आणि ती करारात मराठीत लिहिली गेली तर ज्याच्या डोक्यावर ते छप्पर आहे त्याला ती वाचता येईल.