चिनी फटफटीची कुळकथा

टांझानियांतील एखाद्या खेड्याच्या वाटेवर, व्हिएतनाममधल्या जुन्या मालाच्या बाजारांत किंवा पाकिस्तानांतील एखाद्या कसब्याच्या चौकांत उभी असलेली स्वस्तांतली चिनी मोटार-सायकल पाहावी, आणि जरा वांकून तिच्या एंजिनाच्या खालच्या अंगावर ठोकलेला ठसा वाचावा. टाकीवर रंगविलेलें नांव दहा गाड्यांवर दहा प्रकारचें असेल. पण गाडी सव्वाशे घन सेंटिमीटरांची असली तर एंजिनावर पुष्कळदां '१५६ एफएमआय' हींच अक्षरें आढळतात. या ठशांत गूढ असें कांहीं नाहीं. पहिला एक म्हणजे एकच सिलिंडर. पुढचे छप्पन्न म्हणजे त्या सिलिंडरचा मिलिमीटरांतील व्यास. 'एफ' म्हणजे वाऱ्यानें थंड होणारें. 'एम' म्हणजे मोटार-सायकलीचें. आणि 'आय' हें अक्षर सव्वाशेच्या वर्गाचें. चिनी नामकरणाची ही सरकारी पद्धत आहे. या अक्षरांत कारखान्याचें नांव मात्र येत नाहीं. या यंत्राला गोत्र आहे, आडनांव नाहीं, असें म्हटलें तरी चालेल.

आगगाडीचा इतिहास लिहिला जातो, विमानाचा लिहिला जातो, फोर्डच्या मोटारीचाहि लिहिला जातो. दूधवाल्याच्या, शिक्षकाच्या, भाडें मारणाऱ्या तरुणाच्या मांडीखालीं धांवणाऱ्या या निनांवी गाडीला मात्र इतिहास असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. वास्तविक तिची कुळकथा मोठी मनोरंजक आहे, आणि तिच्यांत तीन देशांचे स्वभाव उतरलेले आहेत.

तिचें मूळ अर्थातच जपानांत. १९५८ च्या ऑगस्टमध्यें होंडा कंपनीनें 'सुपर कब' ही लहानशी गाडी बाजारांत आणली. सोइचिरो होंडा हे यंत्रांत रमणारे. त्यांचे भागीदार ताकेओ फुजिसावा हे गिऱ्हाईक ओळखणारे. दुकानाच्या पोऱ्याला एका हातांत शेवयांचें ताट धरून दुसऱ्या हातानें चालवितां आली पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा. म्हणून डाव्या हाताच्या क्लचची दांडीच तिच्यांतून काढून टाकण्यांत आली. चाळीस मिलिमीटर व्यासाचें आणि जेमतेम एकुणपन्नास घन सेंटिमीटरांचें तें एंजिन. या घराण्याच्या दहा कोटि गाड्या २०१७ सालच्या ऑक्टोबरपर्यंत तयार झाल्या. इतक्या संख्येनें निघालेलें दुसरें मोटारीचें वाहन जगांत नाहीं.

परंतु आपल्या '१५६' चा खरा पूर्वज दुसरा आहे. होंडाच्या गाड्या आशियांतील निरनिराळ्या देशांत जाऊं लागल्या तेव्हां त्या लवकर मोडतात अशा तक्रारी येऊं लागल्या. कंपनीनें आपले अभियंते पाहणीस पाठविले. त्यांना जें दिसलें तें आपल्याकडील कोणाहि गृहस्थास नवल वाटण्यासारखें नाहीं. लोक ऑईल बदलीत नव्हते. कमी झालें तर वरून थोडें ओतीत. चेन सैल पडून लोंबे, हवेच्या जाळीवर धुळीचे थर बसत, आणि एकट्याच्या गाडीवर चौघांचें कुटुंब व एक पोतें चाले. त्या काळच्या जपानी एंजिनांत झडपा उघडणारा कॅमशाफ्ट सिलिंडरच्या माथ्यावर असे. ऑईल घाण झालें कीं सर्वांत आधीं झिजे तो हाच. दुसरा एखादा कारखानदार असता तर त्यानें वापरण्याच्या सूचनांचें जाडें पुस्तक छापून हात झटकले असते. होंडाच्या लोकांनीं मालकाला सुधारण्याऐवजीं एंजिन बदललें. १९७६ सालच्या 'सीजी १२५' या गाडींत त्यांनीं कॅम खालीं आणून दंतचक्रावर फिरविला, आणि झडपा लांब सळयांनीं उघडण्याची जुनी रीत पुन्हां पत्करली. कॅमची चेन गेली, तिचा ताण पाहणें गेलें. कागदी फिल्टर नव्हता; गरगर फिरून घाण कडेला टाकणारी एक वाटी आणि तारेची जाळी एवढेंच होतें. शास्त्राच्या दृष्टीनें हें एक पाऊल मागें होतें. मालकाचा आळस आणि दारिद्र्य हीं दोन्हीं गृहीत धरून इतक्या प्रामाणिकपणानें काढलेला आराखडा आमच्या पाहण्यांत तरी दुसरा नाहीं. त्याच वर्षीं ब्राझीलमधल्या मानाउस येथें या गाडीचा कारखाना सुरू झाला.

जें यंत्र सहज दुरुस्त करतां येतें तें सहज नक्कलहि करतां येतें. कथेचा दुसरा भाग येथून सुरू होतो, आणि त्याची रंगभूमि म्हणजे चीनमधील चोंगचिंग शहर. जुन्या वाचकांना तें चुंगकिंग या नांवानें ठाऊक असेल. जपानशीं चाललेल्या युद्धांत तें चीनची तात्पुरती राजधानी होतें, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकाबरोबर १९३८ सालीं चीनला गेले तें पथकहि येनानच्या वाटेवर कांहीं काळ येथें थांबलें होतें. युद्धामुळें या डोंगराळ शहरांत दारूगोळ्याचे कारखाने आले, आणि पुढें साम्यवादी राजवटींतहि ते वाढले. १९७९ च्या सुमारास बंदुकांची मागणी ओसरली. हजारों कामगार आणि उत्तम लेथ रिकामे पडले. तेव्हां जियालिंग नांवाच्या शस्त्रांच्या कारखान्यानें मोटार-सायकली करावयास घेतल्या आणि होंडाशीं सहकार्य जोडलें. जियानशे या दुसऱ्या कारखान्यानें यामाहाचा हात धरला. या मोठ्या कारखान्यांभोंवतीं सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांचें मोहोळ जमलें.

या मोहोळांतून जीं माणसें वर आलीं त्यांत यिन मिंगशान यांचें चरित्र विलक्षण आहे. राजकीय अपराधाबद्दल तारुण्याचीं कितीएक वर्षें त्यांनीं बंदिवासांत आणि सक्तीच्या मजुरींत घालविलीं. १९९२ सालीं, वयाच्या पन्नाशीनंतर, त्यांनीं नऊ माणसांनिशीं मोटार-सायकलीच्या भागांचा धंदा मांडला. त्यांच्या आरंभाविषयीं अशी कथा सांगतात कीं, सरकारी कारखान्याचें तयार एंजिन दुर्मिळ व महाग होतें, पण दुरुस्तीसाठीं त्याचे सुटे भाग मात्र मिळत. यिन यांनीं ते भाग विकत आणून जोडले, आणि एक अखंड एंजिन तयार करून विकलें. त्यांचा व्यवसाय प्रथम 'होंगदा' या नांवानें चालला. हें नांव कोणत्या नांवाशीं जुळतें तें सांगणें नकोच. १९९७ सालीं त्याचें 'लिफान' झालें. तथापि जुन्या नांवावरून होंडानें खटला भरला आणि २००४ सालीं चिनी न्यायालयाचा निकाल होंडाच्या बाजूनें लागला. त्याच शहरांत झुओ झोंगशेन नांवाचे दुरुस्तीवाले मिस्त्री आपल्याच नांवाच्या कंपनीचे मालक झाले.

येथें उत्पादनाची जी तऱ्हा निघाली ती मात्र कोणाची नक्कल नव्हती. जपानी कंपनी गाडीचा प्रत्येक भाग स्वतः रेखाटते आणि पुरवठादाराला रेखाटन देऊन तसा करून घेते. चोंगचिंगमध्यें गाडी कोणीच रेखाटीत नव्हतें. 'सीजी' चीं मापें जणू सार्वजनिक झालीं होतीं. कार्ब्युरेटर करणाऱ्यानें कार्ब्युरेटर सुधारावा, सांगाडा करणाऱ्यानें सांगाडा हलका करावा, आणि बोलणें चहाच्या दुकानांत बसून व्हावें. गाडी 'करणारा' म्हणजे हे सगळे भाग विकत घेऊन जोडणारा. १९९३ सालीं चीननें मोटार-सायकलींच्या संख्येंत जपानला मागें टाकलें, त्याचें रहस्य इतकेंच.

पुढें घरचा बाजार भरून गेला, भाव कोसळले आणि माल सीमेपलीकडे वाहूं लागला. २००० व २००१ या दोन वर्षांत चिनी भागांवरून जुळविलेल्या गाड्या व्हिएतनाममध्यें लाखांच्या संख्येनें उतरल्या. ज्या देशांत 'होंडा' हाच शब्द फटफटीसाठीं बोलण्यांत रूढ होता, तेथें तिच्यासारखीच दिसणारी गाडी तिच्या तिसऱ्या हिश्शाच्या किंमतीस मिळूं लागली. होंडाचें उत्तर मोठें शिकण्यासारखें आहे. २००१ सालीं हायनान बेटावरील ज्या कंपनीवर नकलेचा ठपका होता तिच्याशींच तिनें भागीदारी केली. आणि २००२ च्या जानेवारींत, कांहीं चिनी भाग वापरून, व्हिएतनाममध्यें 'वेव्ह अल्फा' ही स्वस्त गाडी आणली. नकलेपासून अस्सल शिकलें.

यास चोरी म्हणावें काय? नांव चोरणें ही चोरीच; गिऱ्हाईकाची तींत फसवणूक आहे. पण मापांविषयीं आमचें मन इतकें कठोर होत नाहीं. आपल्या देशानें जपानी विद्या कराराच्या वाटेनें घेतली, १९८४ सालीं हीरोनें होंडाशीं आणि त्याच दशकांत पुण्याच्या बजाजनें कावासाकीशीं सहकार्य करून. ती वाट सभ्य खरी, परंतु तिची फी ज्याला परवडते त्याच्याचसाठीं ती उघडी असते.

आतां मालकाकडे वळूं, कारण स्वस्ताईचा हिशेब अखेर त्याच्या अंगणांत होतो. नवी चिनी गाडी घरीं आणणारा जाणता मनुष्य ती लगेच पळवीत नाहीं. तो प्रथम पाने घेऊन बसतो आणि एकूणएक नट-बोल्ट आवळतो, कारण कारखान्यांत ते नीट आवळले गेले असतील याचा भरंवसा नसतो. पहिल्या कांहींशें किलोमीटरांतच तो ऑईल काढून टाकतो. त्यांत धातूचा चकचकीत कीस दिसतो, कारण आंतील भाग घासून गुळगुळीत करण्याचें काम कारखान्यानें एंजिनावरच सोंपविलेलें असतें. मग चाकांच्या तारा वाजवून पाहावयाच्या, ज्या सैल त्या ओढावयाच्या; विजेच्या तारांचे सांधे खोलून पुन्हां घट्ट बसवावयाचे, नाहींतर पहिल्या पावसांत दिवा जाणार. पेट्रोलची रबरी नळी लवकर तडकते, ती बदलावयाची. चेन मऊ लोखंडाची असते. ती ताणते, आणि ताणलेली चेन दांतेरी चाकाचे दांत खाते. शेवटीं टॅपेट. झडपेची दांडी आणि तिला दाबणारी दांडी यांच्यामध्यें ०.०८ मिलिमीटर मोकळीक हवी. ती कमी पडली तर झडप नीट मिटत नाहीं आणि जळते. जास्त झाली तर शिवणाच्या यंत्रासारखी टकटक ऐकूं येते. यावर मिस्त्री लोकांचा एक व्यवहारी नियम आहे: टकटक करणारी झडप बरी, गप्प बसलेली वाईट.

हें सर्व केलें म्हणजे गाडी बऱ्यापैकीं चालते, कित्येकदां वर्षानुवर्षें चालते. कारण मूळ आराखडा त्या जपानी अभियंत्यांचा आहे आणि तो पुष्कळ अन्याय सोसतो. पण वरची यादी पाहतां एक गोष्ट ध्यानांत येते. जपानी कारखान्यांत तपासणीचें जें काम पगारी कामगार करतात, तेंच येथें मालक बिनपगारी करीत असतो. किंमत कमी झाली ती कांहीं अंशीं यामुळें. या कारखान्याचा शेवटचा कामगार गिऱ्हाईकाच्या अंगणांत बसलेला असतो. ज्याच्यापाशीं वेळ आहे, हात आहेत आणि पैसा नाहीं त्याला हा सौदा किफायतीचा. ज्याला यांतलें कांहींच ठाऊक नाहीं त्याला मात्र तो फार महाग पडतो. आणि सैल तार किंवा निकृष्ट ब्रेक यांचा दंड नेहमींच पैशांत वसूल होतो असें नाहीं. व्हिएतनामी कुटुंबांनीं हा हिशेब लवकर केला. 'वेव्ह अल्फा' आल्यावर कांहीं वर्षांतच चिनी गाड्यांची लाट तेथें ओसरली.

आफ्रिकेंत ती ओसरली नाहीं, निदान सर्वत्र नाहीं. केनिया आणि युगांडा यांच्या सीमेवर बुसिया नांवाचें गांव आहे. तेथें सीमेच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सायकलीवर उतारू नेणारे 'बॉर्डर, बॉर्डर' असें ओरडत. त्याचें 'बोडा-बोडा' झालें, आणि पुढें सायकल जाऊन मोटार-सायकल आली. टांझानियांत चिनी गाड्यांनीं जम बसविला. युगांडांत आणि केनियांत मात्र त्यांना तोंड दिलें तें 'बॉक्सर' या बजाजच्या गाडीनें. आपल्या जिल्ह्यांच्या रस्त्यांवर एके काळीं शेतकऱ्यांनीं आणि मास्तरांनीं जी वापरली, तीच ही. बोडा चालविणारा तरुण बहुधा कर्ज काढून किंवा रोजच्या खंडानें गाडी घेतो. गाडी एक दिवस बंद पडली तर त्या दिवसाची कमाई जाते आणि खंड मात्र द्यावाच लागतो. त्याच्या लेखीं चिनी गाडीची कमी किंमत आणि बॉक्सरचे जास्त टिकणारे महिने यांची तुलना ही घरांतल्या चुलीची तुलना असते. ज्याला बॉक्सरपुरते पैसे जमत नाहींत तो चिनी घेतो, आणि तिच्यावर कमावून पुढची गाडी बॉक्सर घेण्याची आशा बाळगतो. ही आशा किती जणांची फळते, हें गाडीइतकेंच ती ठेवण्याच्या कसबावर अवलंबून आहे.

चोंगचिंगच्या धंद्यालाहि पुढें बरे दिवस राहिले नाहींत. चीनच्या मोठ्या शहरांनीं मोटार-सायकलींना दारें बंद केलीं. ग्वांगझौनें १ जानेवारी २००७ पासून त्यांना पूर्ण बंदी केली, आणि जो देश सर्वांत अधिक फटफटी करी त्याच्या धनाढ्य नगरांत ती दिसेनाशी झाली. लिफान कंपनी मोटारींच्या धंद्यांत शिरून कर्जांत बुडाली, आणि २०२० सालीं न्यायालयामार्फत तिची पुनर्रचना करावी लागली.

पाकिस्तानांत मात्र मूळ पुरुष आणि त्याचे अनौरस वंशज एकाच गल्लींत नांदत आहेत. तेथील ॲटलस होंडा कंपनी सळयांच्या झडपांची ती 'सीजी १२५' अजूनहि करते, आणि ४७ मिलिमीटर व्यासाची सत्तरहि करते. चिनी मापांवर बांधलेल्या दुसऱ्या कंपन्यांच्या सत्तर आणि सव्वाशे शेजारच्याच दुकानांत उभ्या असतात. एकीचे कितीतरी भाग दुसरीला बसतात. लोक गाडीला कारखान्याच्या नांवानें हांक मारीतच नाहींत. ते नुसतें 'सेव्हन्टी' म्हणतात, नाहींतर 'वन-टू-फाइव्ह'.