बायजाबाई शिंदे यांची सावकारी

राजस्त्रियांनी बांधलेले घाट, देवळे आणि धर्मशाळा यांची नोंद इतिहास आवर्जून ठेवतो. ते द्रव्य त्यांनी कसे मिळविले व कसे राखले, याची चौकशी मात्र क्वचितच होते. बायजाबाई शिंदे यांनी १८२८ साली काशीस ज्ञानवापीवर स्तंभमंडप बांधला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. त्याच बायजाबाई मध्य हिंदुस्थानातील मोठ्या सावकारांपैकी एक होत्या, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

बायजाबाई या कागलच्या सर्जेराव घाटगे यांच्या कन्या. १७९८ साली पुण्यास दौलतराव शिंदे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी शिंद्यांच्या फौजेचा पगार तुंबला होता. दिवाणगिरी हाती येताच सर्जेरावांनी पुण्यातील सावकारांना व प्रतिष्ठितांना धरून आणले आणि मारहाण करून त्यांच्याकडून पैसा काढला. फौजेवाचून राज्य नाही आणि पैशावाचून फौज नाही, हा धडा बायजाबाईंना असा माहेरच्या घरातच मिळाला. पण वडिलांनी ज्या सावकाराला चाबूक दाखविला, त्याच सावकाराचा व्यवसाय पुढे कन्येने स्वीकारला.

मार्च १८२७ मध्ये दौलतराव निपुत्रिक वारले. बायजाबाईंनी जानकोजीरावांस दत्तक घेतले आणि त्यांच्या अल्पवयात कारभार स्वतः चालविला. त्या काळच्या माळव्यात राज्याचा वसूल बहुधा इजाऱ्याने दिला जाई. इजारदार सरकारात भरणा करी तो सावकाराकडून कर्ज काढून, आणि पीक हाती आले म्हणजे ते फेडी. अफूच्या व्यापारालाही पेरणीपासून आगाऊ रक्कम लागे. उज्जैनचा व्यापारी दूरच्या पेठेवर हुंडी लिही. हुंडणावळ कापून ती विकली जाई आणि रोकड न हलविता पैसा शेकडो कोस प्रवास करी. राज्य, शेत आणि बाजार या तिघांची गाठ अशी सावकाराच्या पेढीत पडे.

बायजाबाईंनी ही गाठ अचूक ओळखली. ‘नाथजी किसनदास’ आणि ‘नाथजी भगवानदास’ या उज्जैनच्या पेढ्यांमागे त्यांचे भांडवल होते. व्याजबट्टा आणि हुंडीचा व्यवहार हे त्यांच्या मिळकतीचे साधन होते. खुद्द इंग्रज कंपनी सरकारही शिंद्यांच्या दरबाराकडून कर्ज घेण्याच्या खटपटीत असे. ज्याच्यापुढे हिंदुस्थानातील दरबार झुकत होते, त्याच्याशी धनको म्हणून बोलण्याची संधी फार थोड्यांना लाभली. त्यांत बायजाबाई एक होत.

या सामर्थ्याची दुसरी बाजूही झाकता येत नाही. जानकोजीराव वयात येऊ लागले तरी अधिकार सोडण्याची बाईंची तयारी नव्हती. राज्याचा खजिना कोठे संपतो आणि बाईंची खासगी पुंजी कोठे सुरू होते, हा वाद त्यातून उद्भवला. जुलै १८३३ मध्ये फौजेने जानकोजीरावांचा पक्ष घेतला आणि बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. पुढे काशीस ठेवलेल्या त्यांच्या द्रव्यावरूनही तंटा झाला. बाईंना लोभी म्हणणारे पुष्कळ निघाले. हा आक्षेप सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. परंतु संपत्ती व सत्ता एकत्र राखणाऱ्या पुरुषाला त्याच काळात मुत्सद्दी म्हटले जाई, हेही विसरता येत नाही.

गादी गेली, तरी बाई परिवारासह डेरे ठोकून मानाने राहिल्या. १८३५ साली फत्तेगडच्या छावणीत फॅनी पार्क्स या इंग्रज बाई त्यांना भेटल्या. त्यांच्या प्रवासवर्णनात या भेटींची हकीकत आहे. घोडा, खोगीर आणि विधवांची स्थिती यांबरोबरच तेथे इंग्लंडातील विवाहित स्त्रीच्या हक्कांचीही गोष्ट निघाली. त्या देशी तेव्हा लग्न होताच स्त्रीची जंगम मालमत्ता व कमाई पतीची होई. ही स्थिती मोडण्यास १८७० व १८८२ चे कायदे यावे लागले. आपल्या धर्मशास्त्रात स्त्रीधनाला निदान नावाने तरी निराळे स्थान होते. ते सामान्य स्त्रीच्या हाती क्वचितच राहिले, ही गोष्ट वेगळी. सत्ता हरवलेली एक मराठा विधवा आणि सत्ताधारी राष्ट्राची एक विवाहिता समोरासमोर बसल्या असता, मालमत्तेच्या बाबतीत दुर्बळ ठरली ती दुसरी!

बायजाबाई १८६३ साली ग्वाल्हेरीस निवर्तल्या. त्यांच्या पेढ्यांची नावे पुरुषांची, गुमास्ते पुरुष, पत्रव्यवहारही पुरुषांच्याच हातचा. म्हणूनच त्या काळच्या पेठेत स्त्रियांचे भांडवल नव्हतेच, असा समज सहज होतो. हा समज तपासून पाहावयाचा तर तलवारीच्या कथांबरोबर जुन्या रोजकीर्दी आणि खतावण्याही वाचाव्या लागतील; आणि पेढीच्या पाटीवरचे नाव कोणाचे एवढे पाहून न थांबता, मुद्दल कोणाचे होते, हेही विचारावे लागेल.