साडेचार एकरांचा मळा

वाइनमधला मी जाणकार नाही. आज जिच्याविषयी बोलणार आहे, ती मी चाखलेलीही नाही आणि चाखायला मिळेल असा संभवही नाही. पण आजोळ निफाडकडचं. त्यामुळे द्राक्षवेलीच्या मुळाशी काय चालतं, याची उत्सुकता जुनी आहे.

फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात व्होन-रोमाने नावाच्या गावात ‘रोमाने-काँती’ हा मळा आहे. क्षेत्र १.८१ हेक्टर, म्हणजे साडेचार एकरही पुरते भरत नाहीत. एवढ्या बागेच्या धन्याला आपल्याकडं कुणी बडा बागायतदार म्हणणार नाही! १७६० मध्ये काँतीच्या राजपुत्रानं तो घेतला. राज्यक्रांतीत जप्त झाला, विकला गेला. १८६९ मध्ये द्युव्हो-ब्लोशे या गृहस्थांनी तो विकत घेतला आणि पुढं तो त्यांच्या वारसांकडं राहिला. १९४२ मध्ये निम्मा हिस्सा लरुआ कुटुंबाकडं गेला. दोन घरांचा हा कारभार.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून फायलोक्झेरा ही कीड आली. माव्याच्या जातकुळीतली, पण मुळांना लागणारी. फ्रान्सचे मळेच्या मळे वाळले. उपाय सापडला तो अमेरिकी खुंटावर कलम करण्याचा. आपल्याकडं डॉगरीज खुंट वापरतात तो खारं पाणी आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून. तिथं वेल जगण्याचाच प्रश्न होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कलमं केली. या मळ्यानं मात्र नकार दिला. वेल मेली, की शेजारच्या वेलीची काडी मातीत दाबायची, तिला मुळं फुटू द्यायची. आपण ज्याला दाब कलम म्हणतो तेच. आणि कीड मारायला जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचायचं. हे रसायन विषारी, चटकन पेट घेणारं. खर्च आणि मजुरी वेगळीच. हा हट्टच होता, असं मला वाटतं. पण तो त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निभावला.

दुसऱ्या महायुद्धानं तो मोडला. रसायन मिळेना, माणसं मिळेनात, वेली थकत चालल्या. १९४५ च्या वसंतात कडाक्याचं हिमतुषार पडलं. त्या वर्षी जेमतेम सहाशे बाटल्या निघाल्या. (त्यातलीच एक २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ लाख ५८ हजार डॉलरना गेली.) तोडणी उरकली आणि मालकांनी सगळ्या वेली उपटायला लावल्या.

बाग काढून टाकण्याचा दिवस ज्यानं घरात पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. चूल थंड असल्यासारखं घर वाटतं.

१९४७ मध्ये नवी लागवड झाली, ती कलमांचीच. १९४६ ते १९५१ या सहा हंगामांत या मळ्याच्या नावाची एकही बाटली निघाली नाही. १९५२ ची तोडणी झाली, तेव्हा जमिनीत खुंट अमेरिकी होता आणि वरची काडी जुन्याच वंशातली.